दहा गुंठे सावली

प्रियांका : पाणी मारू नका, आप्पा. करपलेलं पान पाण्यानं हिरवं होत असतं, तर भाजलेला पापडसुद्धा ओला करून परत लाटला असता.

आप्पा : नुसतं गार करायलोय गं. हात लावून बघ, तव्यावानी तापलेत पानं.

प्रियांका : तापणारच. सकाळी मी शाळेत गेले तेव्हा शेडनेटची ही पश्चिमेची जाळी जमिनीला टेकलेली होती. आता साडेचार वाजलेत आणि ती गुंडाळून वर पायपाला बांधलीय. गाठ पण तुमचीच, बैलाच्या दाव्याची.

आप्पा : मीच बांधली. मी कुटं न्हाई म्हणायलोय?

प्रियांका : पण कशासाठी?

आप्पा : तुझी माय सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली, तू शाळेला. जाताना म्हणली, घडीभर नजर टाका तेवढी. म्हणून आत आलो. सालभरात पयल्यांदाच.

प्रियांका : पहिल्यांदा?

आप्पा : मंग. दारात आलो की तुमी मायलेकी सुरू. पायताण नको, बाहेरची माती नको, तंबाखूचा हात नको. दारातूनच माघारी जायचो. आज सगळं धुऊन आलो. तर आत हा आसा अंधार. फुलं आपली माना काढून वर बघायलेत. मला वाटलं, बिचारी उन्हाला तरसायलेत.

प्रियांका : तरसायलेत?

आप्पा : बांधावरची बाभळ आमी जन्मभर कामून छाटली? सावली पडली की पीक पिवळं पडतंय, दाणा भरत न्हाई. वसवा म्हणत्यात त्याला. त्या वसव्यापायी माझ्या बापानं फळाला आलेला आंबा तोडला, सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं. अन् तुमी जाळी इकत आणून धा गुंठ्यावर वसवा घातलाय.

प्रियांका : अहो, हे अँथुरियम आहे. मुळात जंगलातलं झाड. मोठ्या झाडांच्या बुडाशी वाढतं. शंभरातलं पंचवीस ऊन त्याला बास होतं, बाकीचं अडवायला तर जाळी. हे मी विज्ञान प्रदर्शनात अख्ख्या तालुक्याला समजावून सांगितलं. माईक हातात घेऊन. कागद न बघता.

आप्पा : तालुक्याला सांगितलंस. मला सांगितलंस का?

प्रियांका : तुम्ही विचारलं नाही.

आप्पा : ते बी खरंय.

प्रियांका : आणि उघडली ती उघडली, परत खाली सोडायची तरी.

आप्पा : घडीभर ऊन खाऊ दे म्हणलं. बारा वाजले असतील. इतक्यात लाईट आली. भुईमुगाला पाणी सोडाया पळालो, अन् एका वाफ्याचं पाणी मोडलं की दुसऱ्याचं, ध्यानातच राह्यलं न्हाई.

प्रियांका : एक विचारते, रागावू नका.

आप्पा : इचार.

प्रियांका : तुमचा आणि आईचा करार आहे ना? पाडव्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक लागलं तर जाळी राहणार, नाही तर जाळी काढून हळद. पाडव्याला महिना राहिला. आणि आजच तुम्हाला झाडांची दया आली.

आप्पा : म्हंजे मी मुद्दाम केलं म्हणायलीस.

प्रियांका : मी विचारतेय.

आप्पा : पोरी, तुझ्या बापाला मोडायचंच असतं तर त्यो इळा घेऊन आला असता. दोरी बांधून, गाठ मारून कोणी मोडतंय का?

प्रियांका : बरं. चुकलं माझं. चला, मोजू या लवकर. पाच वाजता आईचा फोन आहे.

आप्पा : कशाचा?

प्रियांका : ती त्या फुलवाल्याच्या दुकानात बसलीय. नमुन्याची दहा फुलं घेऊन गेली ना सकाळी, पेपरात गुंडाळून, देठाला ओला कापूस लावून. शुक्रवारी कुणाचं तरी लग्न आहे, त्याला दोनशे फुलं पाहिजेत. आई मला विचारणार आणि त्याला पक्कं सांगणार. सकाळी मी मोजली तेव्हा दोनशे चौदा होती. तुम्ही त्या टोकाकडून मोजा, मी इकडून.

आप्पा : कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं?

प्रियांका : फुलाच्या मधे ती दांडी उभी आहे ना, ती बुडापासून तीनातले दोन हिस्से पांढरी झाली की फूल तयार. हाताखालून घ्या, मुरगाळू नका. पायाखाली नारळाच्या शेंड्या आहेत, सांभाळून.

आप्पा : हे गुलाबी धरू का?

प्रियांका : गुलाबी कुठलं आलं? आपल्याकडं सगळं लालच आहे.

आप्पा : हे बघ की, ह्या तिन्ही वाफ्यांत हायत.

प्रियांका : ते गुलाबी नाही, आप्पा. ते सकाळी लाल होतं.

आप्पा : मंग हे न्हाई धरत.

प्रियांका : ते तीन वाफे सोडून द्या. उरलेले पाच मोजू.

आप्पा : माझ्याकडं एकसष्ट झाले.

प्रियांका : माझ्याकडं सत्तावन्न. एकशे अठरा. परत एकदा मोजू का? एखादं पानाआड राहिलं असंल.

आप्पा : कितीदा मोजलं तरी तितकेच भरतील. एका जागी उभी राह्य जरा, मला बघून चक्कर याया लागली.

प्रियांका : उभं राहवत नाही मला. किती वाजले?

आप्पा : पाचला धा कमी. मी काय म्हणतो, वानरं आली म्हणून सांगू. परवा कुंभाराच्या मळ्यात शिरलीच व्हती. जाळी ओढली, फाडली, आसं.

प्रियांका : वानरांनी नीट गुंडाळी केली, आणि वरून बैलाची गाठ मारली.

आप्पा : गाठ सोडतो की.

प्रियांका : आणि आई आल्यावर जाळीला एक भोक सापडायला नको? ते पण फाडणार?

आप्पा : मंग तूच सांग काय करायचं. तुझं डोकं चालतंय, सर म्हणत्यात.

प्रियांका : माझं डोकं आज दुपारी चाललं असतं तर बरं झालं असतं.

आप्पा : तुझा काय संबंध?

प्रियांका : मी आईला शब्द दिला होता, मधल्या सुट्टीत सायकलवर येऊन बघून जाते म्हणून. एक वाजता. पण सुट्टीत बाईंनी माझं स्पर्धेतलं भाषण परत म्हणून दाखवायला सांगितलं, नववीच्या दोन्ही तुकड्यांसमोर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, कुलूप लावल्यासारखं शेडनेट आहे, त्याला काय होतंय. एक वाजता ऊन आत शिरलंसुद्धा नव्हतं, आप्पा. तेव्हा आले असते तर एक पान गेलं नसतं.

आप्पा : भाषण कशावर व्हतं?

प्रियांका : नका विचारू.

आप्पा : सांग की.

प्रियांका : जबाबदारीवर.

आप्पा : हसू नको म्हणलीस तरी हसाया येतंय.

प्रियांका : हसा तुम्ही. पाच वाजले बघा.

(फोन वाजतो. प्रियांका स्पीकर लावते.)

आई : हॅलो, प्रियांका? ऐकाया येतंय का? अगं, ह्या माणसानं आपली धाच्या धा फुलं काचेच्या भांड्यात घालून दुकानाच्या तोंडाला ठिवली. दोन बाया रस्त्यात थांबल्या. प्लास्टिकची हायत का खरी, म्हणाल्या. तो म्हणला, खरी हायत, ह्या ताईंच्या शेतातली, चुडावा गावाकडची. सगळे माझ्याकडंच बघायले. मला काही बोलाया सुचंना, आपला पदरच नीट करत राह्यले.

प्रियांका : आई...

आई : शुक्रवारी सकाळच्या गाडीनं दोनशे. पक्कं सांगू ना? तो समोरच उभाय.

प्रियांका : थांब. दोनशे नाही होणार.

आई : सकाळी तर दोनशे चौदा म्हणलीस.

प्रियांका : सकाळी होती. आई, मी मधल्या सुट्टीत येणार होते ना, तर ते...

आप्पा : लीला, मी बोलायलोय. जाळी मी उचलली. पोरीचा काही गुन्हा न्हाई.

आई : कोणती जाळी?

आप्पा : पश्चिमेची. बारा वाजल्यापून आत्तापतुर उघडीच राह्यली. तीन वाफे भाजले.

प्रियांका : आणि मी दुपारी आले नाही. कबूल करून आले नाही.

आप्पा : लीला? फोन लागलाय का?

आई : लागलाय. किती हायत?

प्रियांका : एकशे अठरा. आम्ही दोघांनी मोजली.

आई : ठेव. करते त्याला इचारून.

आप्पा : रागवली न्हाई.

प्रियांका : तेच वाईट आहे.

आप्पा : ही झाडं आता मरणार का गं?

प्रियांका : नाही. जळालेली पानं गेली, झाड जिवंत आहे. नवं पान फुटंल. आणि एका पानामागं एक फूल, असा ह्याचा हिशेब आहे. म्हणून तर आई एक-एक पान जपते.

आप्पा : किती दिवसांनी?

प्रियांका : पान यायलाच महिना-दीड महिना. फूल त्याच्यानंतर.

आप्पा : म्हंजे पाडव्याच्या आत न्हाई.

प्रियांका : नाही.

आप्पा : कितीबी पाणी मारलं तरी?

प्रियांका : कितीही मारलं तरी. आप्पा, वाजतोय. उचलू का तुम्ही उचलता?

आप्पा : उचल तू.

आई : प्रियांका, त्याला दोनशेच पायजेत, एका शेतातली, एका रंगाची. कमी-जास्त चालणार न्हाई म्हणला. माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला त्यानं. चांगला माणूस हाय, चहा पाजला मला. पण त्यानं बी लग्नवाल्याला शब्द दिलेला.

प्रियांका : मग आता?

आई : आता काय. मी टेशनावर आले. तुझे आप्पा हायत का तिथं?

आप्पा : हाय. ऐकायलोय.

आई : आत गेलतात का खरंच? का बाहेरूनच दोरी वढली?

आप्पा : आत गेलतो. लय येळ बसलो. तुझे फुलं बघत व्हतो तवाच म्हणलं, ह्यांना उन्हाची तिरीप बी भेटंना.

आई : मला सांगितलं असतं तर मी बोलावलं असतं आत. मीच कदी बोलावलं न्हाई.

आप्पा : तसं कोणी म्हणायलंय का?

आई : न्हाई, पण हाय तसं. आता एक ऐका. शब्द पाडव्याचा ठरलता. गिऱ्हाईक काही लागलं न्हाई, मी शब्द फिरवणार न्हाई. जाळी काढायची तर काढा. फकस्त मी घरी असताना काढू नका. मला बघवायचं न्हाई.

प्रियांका : आई, असं नको ना बोलू. अजून महिना आहे.

आई : एका महिन्यात काय पान येतंय, ते तुला बी म्हाईत हाय. गाडी आली. जागा भेटती का बघते. गॅसवर डाळ लाव.

प्रियांका : आई? ...ठेवला.

आप्पा : ही गाठ सोडतो आधी.

प्रियांका : गाठ राहू द्या. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय काढा म्हणून. तुम्हाला हवं ते झालं. आप्पा, मी तुमच्याशी बोलतेय, वर काय बघताय?

आप्पा : पायपापासून भुईपतुर किती हात भरंल?

प्रियांका : कशाला?

आप्पा : सांग की.

प्रियांका : सात-आठ हात असंल. पण कशाला?

आप्पा : मागं उरलेली जाळी हाय ना कोठ्यात, ती आण. अन् दाभण, सुतळी बी. ह्या अंगाला दुहेरी शिवून घेऊ. चैतात ऊन लय येतंय इकडून.