एकतिसावी चाल

बसथांब्याच्या बाकावर एक शिवणकामवाली मांडीवर कापडाची पिशवी घेऊन बसली होती. शेजारी एक तरुणी आणि तिची आत्या बुद्धिबळाच्या कालच्या हरलेल्या डावाचा कागद उलगडून बसल्या.

“आत्या, त्यानं बरोबरी मागितली तेव्हाच घ्यायला हवी होती का गं?”

“मुळीच नाही. तुझे दोन्ही हत्ती मोकळे, त्याचा राजा उघडा. माघार कशाला?”

“मग घोड्याचा बळी दिला, ते चुकलं?”

“तेही सोन्यासारखं. चालींपुढे तूच मिनिटं लिहिली आहेस ना? घोडा देताना एकवीस मिनिटं विचार केलास. आणि त्यानंतरची, एकतिसावी चाल?”

“अर्धं मिनिट.”

“वजीर उचललास नि ठेवलास! कोपऱ्यात त्याचा उंट दबा धरून बसलेला, तो दिसलाच नाही. ग्रँडमास्टर झालीस, पण हात अजून सातवीतलेच.”

“वाटलं, जिंकलेच आता.”

“हं. तिथंच घात झाला.”

“आज पुन्हा तोच समोर आहे. हरले, तर स्पर्धेतून बाहेर.”

“मग दुसरी सुरुवात खेळतेस?”

“छे! तीच खेळणार. त्यानं तिथवर येऊ दिलं, तर घोडाही देणार. आणि दिला की हातांवर बसणार.”

“लहानपणी मी बसवायचे, तशी?”

“अगदी तशी.”

शिवणकामवालीची बस आली आणि गेली. दोघींचं ऐकण्याच्या नादात ती उठलीच नाही. मग दुसरी दूरवर दिसली.

“आली बघ आपली. ऊठ, चल लवकर!”

पोरीचे दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबलेले होते.

“थांब गं आत्या. आधी नंबर तर नीट बघू दे.”