तपासणाऱ्याचं नाव

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या गॅरेजवाल्यांच्या संघाचे ज्येष्ठ सभासद नरहरीभाऊ, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच सजवलेल्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्यामुळे अवघडलेले आपले सत्कारमूर्ती विश्रामभाऊ आणि शकूवहिनी, पालघर, मनोर, बोईसरहून आलेली आमची गिऱ्हाइकं, आणि नखांतलं ग्रीस जाईना म्हणून हात पाठीमागे धरून उभी असलेली आमच्या गॅरेजची मंडळी,

विश्रामभाऊ, तुम्हाला ती दुपार आठवते का? मी आमच्या ह्यांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये आले होते. नीलेश पार्ट आणायला मुंबईला गेले होते, ते यायचे होते. तुम्ही एका लहान गाडीचं बॉनेट उघडून उभे होतात. बोईसरमध्ये तेव्हा सेन्सरवाल्या गाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. तुमच्या हातात गाडीबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक होतं. तुम्ही ते माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, "वयनी, तुमी कॉन्व्हेंटच्या. ह्यात काय लिवलंय ते जरा सांगा."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला सुवाच्य अक्षर शिकवलं, भरतकाम शिकवलं, जेवताना कोपर टेबलावर ठेवायचं नाही हेही शिकवलं. थ्रॉटल म्हणजे काय हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मी वाचत गेले आणि तुम्ही मला समजावत गेलात. इंजिनात हवा किती जाऊ द्यायची ते ठरवणारी ती झडप. आपण पायाने ऍक्सिलरेटर दाबला की ती उघडते, आणि किती उघडली हे तिच्या कडेला बसवलेला सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. तुम्ही चावी फिरवलीत, इंजिन सुरू केलं नाहीत. जुना काट्याचा मीटर त्या सेन्सरला लावून माझ्या हातात दिलात आणि बोटाने ती झडप हळूहळू उघडू लागलात.

"काटा चढतोय?"

"चढतोय."

"अडखळला?"

"नाही. थांबा, हो! आत्ता दचकला."

"दचकला ना? मग हाच तो. बदलायचा."

तेवढ्यात नीलेश आले. डबा गार झाला होता. त्यांनी तो तसाच खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी गॅरेजमध्ये एक टेबल मांडलं. त्या टेबलावर मी चोवीस वर्षं बसले आहे. नीलेशना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत एकही दिवस शटर उघडायला उशीर झाला नाही, कारण मासवणहून येणारा एक माणूस आठच्या आधी दारात उभा असायचा. त्यांचे आभार मानायला मला शब्द अपुरे पडतील असं म्हणायची पद्धत आहे. पण विश्रामभाऊ, शब्द आहेत माझ्याकडे. ते म्हणताना माझा आवाज टिकणार नाही, एवढंच. म्हणून पुढे जाते.

नव्या माणसाला विश्रामभाऊंनी पहिला धडा दिला तो एकच: आधी तपासा, मग बदला. आपल्या धंद्यात उलटं करणारेही असतात. (नरहरीभाऊ, मी कुणाकडेही बघून बोलत नाही.) गाडी अडखळली की हा सेन्सर बदल, तो बदल, शेवटी काहीतरी लागू पडतं. विश्रामभाऊंच्या हाताखाली तसं कधी झालं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते निरोपाच्या भाषणात सांगावं का, हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. परवा विश्रामभाऊच म्हणाले, "वयनी, माझं लय गुणगान नको. जे झालं ते सांगा. मी हाय ना बाजूला बसलेला."

तर ऐका. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे जागृती आली. पालघरजवळच्या माहीमची, वाडीवाल्यांच्या घरातली. आयटीआय केलेली, पदरात एक मुलगी, बोलणं कमी. पहिली चार वर्षं ती विश्रामभाऊंच्या हाताखाली होती. मग ती स्वतः तपासणी करू लागली, आणि एक दिवस मनोरचे एक गाड्यांचे मालक तिला बॉनेटमध्ये वाकलेली बघून मला म्हणाले, "मॅडम, लेडीज चेक करेगी क्या? विश्रामभाई को बुलाओ." विश्रामभाऊ त्या दिवशी दुपारपासून रजेवर होते. गृहस्थ गाडी घेऊन निघून गेले. आज ते आपल्यात बसले आहेत, मी त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.

मी घाबरले. माझ्याजवळ नीलेशचं गॅरेज होतं आणि ते चाललं पाहिजे होतं. आमच्या जॉबकार्डावर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामाच्या नोंदीवर, खाली एक ओळ असते, तपासणी कुणी केली त्याची. त्या दिवसापासून काम जागृतीने केलं तरी त्या ओळीवर मी विश्रामभाऊंचं नाव लिहू लागले. माझ्या सुवाच्य अक्षरात.

गेल्या पावसाळ्यात माहीमच्या जिवलीताईंचा मासळीचा टेम्पो आला. रस्त्यातच दम सोडायचा, ऍक्सिलरेटर दाबला तरी सरकायचा नाही. मागे मासळी, वर बर्फ वितळतोय. विश्रामभाऊंनी मीटर लावला, झडप उघडली, काटा दचकला. "बदलायचा," ते म्हणाले. झडप आणि सेन्सरसकट सगळी थ्रॉटल बॉडीच.

जागृती म्हणाली, "काका, ह्याच्यात दोन सेन्सर हायत. तुमी एकच बघताय."

"एक खराब म्हणजे खराबच ना गो?"

"दोन्ही एकदम बघू या."

तिने दोन्ही सेन्सरांच्या तारांना मीटर लावून एकदम नजर ठेवली. दोन्ही आकडे एकाच क्षणी कोसळले आणि एकाच क्षणी सावरले. जागृती म्हणाली, "दोघं एकदम खोटं नाय बोलणार, काका. दोघांना करंट देणारी तार एकच हाय." ती त्या तारेमागे बॅटरीच्या बैठकीखाली शिरली. तिथे तार पत्र्याला घासून सोलली होती. आत मासळीचं खारं पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं होतं. तिने तेवढीच तार नवी जोडली. थ्रॉटल बॉडी आजही जुनीच आहे.

विश्रामभाऊंनी तो हिरवा तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. जुन्या गाडीत एकच सेन्सर असायचा. काटा दचकला की दोष त्याचाच, हे त्यांचं गणित वीस वर्षं चुकलं नव्हतं.

आणि कार्डावर मी नाव लिहिलं, विश्राम.

चार दिवसांनी जिवलीताई हातभर सुरमई घेऊन आल्या. "भाऊ, तुजा हात लागला नि माजी गाडी सुदारली! घे, ताजी हाय." विश्रामभाऊंनी मासा घेतला, त्या जाईपर्यंत थांबले, मग माझ्या टेबलापाशी आले. "वयनी, ही सुरमई माझी नाय. मी तर बदला म्हटलेलं. खाल्ली तर काटा अडकंल घशात." आणि त्यांनी ती जागृतीपुढे धरली.

जागृती हसली. "न्या काका, शकूकाकी वाट बघत असतील. माझ्या नावाने येईल तेव्हा मी घेईन."

ती एवढंच बोलली. मी ऐकलं आणि पुढचं कार्ड ओढलं. त्यावरही मी तेच नाव लिहिलं.

गेल्या महिन्यात जागृतीने माझ्याकडे अनुभवाचं पत्र मागितलं. वापीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिला मुलाखतीला बोलावलं आहे, आणि त्यांना तिने केलेल्या तपासण्यांचे कागद बघायचे आहेत. मी कार्डांचे गठ्ठे काढले. दोन वर्षांच्या कार्डांत तिचं नाव एकदाही नव्हतं. विश्रामभाऊ आज घरी चालले, उद्यापासून गिऱ्हाइकं कुणाच्या नावावर यायची? आणि जागृतीने कुणाच्या भरवशावर थांबायचं? तिचं नाव मी झाकून ठेवलं होतं, आणि त्या झाकणावर विश्रामभाऊंची पुण्याई ठेवली होती, त्यांना न विचारता.

मग विश्रामभाऊ आणि मी तीन संध्याकाळी बसलो. ते एकेक कार्ड बघून सांगत, "हे माझं. हे जागूचं. हे पण तिचंच." मी नाव खोडून तिचं लिहिलं, शेजारी सही केली, त्यांनीही केली. एका कार्डावर मी म्हटलं, हे राहू द्या, तुम्हीही मदत केली होती. ते म्हणाले, "टॉर्च धरलेला. टॉर्चचं नाव लिवतात काय?"

विश्रामभाऊ, शिकवलेल्या माणसाने आपल्याला चूक दाखवली आणि आपण ती मान्य केली, असं भर सभेत सांगायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मासवणला जा, शेतावर जा, नातवंडांना खेळवा. आम्ही फोन करू, पण गाडीसाठी नव्हे. जागृती, तू वापीला जावंस की इथे थांबावंस हे तुझं तू ठरव. थांबलीस तर उद्यापासून मुख्य मेकॅनिक तू आहेस, आणि तुझं नाव मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचून दाखवीन. ज्यांना चालणार नाही त्यांना मनोरचा रस्ता सरळ आहे.

नरहरीभाऊ, तुम्ही अध्यक्षपद स्वीकारलंत, मंडळाने हॉल दिला, शेजारच्या कारखान्यातल्या मंडळींनी खुर्च्या लावल्या, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात लांबण लागली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नाव राहण्याचं दुःख काय असतं ते मला आता कळलं आहे.

जाता जाता थोडं वाटप. शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते विश्रामभाऊंना. साडी शकूवहिनींना, ती मी निवडली आहे, रंग आवडला नाही तर मला सांगा, विश्रामभाऊंना नको. बाजूच्या टेबलावर लाल दोरीने बांधलेली सगळी कार्डं आणि अनुभवाचं पत्र जागृतीला. खाऊची पाकिटं आधी वॉचमनदादांना, मग इतरांना.

आणि विश्रामभाऊ, मघाशी हॉलच्या दारात जिवलीताईंनी "जाता जाता तेवढं बघून जा" म्हणत टेम्पोची चावी तुमच्या खिशात सारली, ते मी पाहिलं. ती काढा. पुढे कुणाला तुम्ही नका देऊ. जिवलीताईंना परत करा. जिवलीताई, या, इकडे पुढे या. ती तुमच्या हाताने जागृतीला द्या.