लाटा सोडून मॉक ड्रिल

हसू नका हं, पण माझी पोरगी हिप्नोबर्थिंगने झाली. म्हणजे तसं ठरलं तरी होतं. मला कळांची एवढी धास्ती, की मोबाइलवर बघून शिकले: डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा आणि नवऱ्याने कानाशी हळू बोलत राहायचं, 'तू समुद्रकिनारी आहेस, लाटा येतायत...' प्रकाशने सालवडच्या आमच्या खोलीत रोज सराव केला.

बोईसरच्या दवाखान्यात खरी कळ आली आणि मी त्याचा हात असा पिळला की तो लाटाबिटा सगळं विसरला. पण गप्प बसेल तर प्रकाश कसला! तारापूरच्या केमिकल कंपनीत गॅस गळतीचं मॉक ड्रिल असलं की माइकवर हाच असतो. लागला तोच शांत आवाज: "घाबरू नका. धावू नका. वाऱ्याची दिशा बघा."

दवाखान्यातल्या वाणगावच्या सिस्टर म्हणाल्या, "अवो, इथं वारा नाय, पंखा हाय!"

मला असं हसू फुटलं की भीती पार पळाली. प्रकाश ओशाळून थांबला, तर मीच ओरडले, "थांबतोस काय? बोल पुढे!"

"सर्वांनी मोकळ्या जागेत जमावं. हेडकाउंट होईपर्यंत कुणीही हलू नये."

"मेल्या, कोण हलतंय इथून!" म्हणत मी हसत हसतच जोर लावला, आणि टॅहां!

"मुलगी हाय!" सिस्टर म्हणाल्या.

प्रकाशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज तोच, माइकवरचा: "हेडकाउंट पूर्ण. एक माणूस जास्त भरतंय."