हराळीचा धंदा

हसा लेको, पण निजामाच्या राज्यात म्या गवत राखायचा धंदा काढला होता. धाराशिवात तालुकदारसाहेबाच्या बंगल्यापुढं आमच्याच रानातली हराळी लावली, पाणी घालून घालून गालिचा केला. साहेबाला पसंत पडला, तर आणखी दोन बंगले मिळणार होते.

साहेब बघायला यायच्या दिवशी वडलांना, आबांना, कौतुकानं नेलं. म्या विहिरीवरून घागर आणेपर्यंत आबांनी माझंच खुरपं घेऊन एक कोपरा साफ केलेला!

“आबा, काय केलं हे? हेच पीक हाय माझं!”

आबा वरमले. उपटलेली हराळी त्यांनी परत दाबून लावली. मग पायताण काढून हळूच तिच्यावर उभे राहिले.

“हिला खंदता खंदता जन्म गेला माझा,” म्हणाले. “इतकी मऊ असती, व्हय?”