रिकाम्या जुवाला हळद

मंडळी, ऐका! एक विचारतो — न्यायाधीश म्हणाले ‘जा, सुटलास’, म्हणजे माणूस सुटला का? घाई नको! आधी भानुदास टेकाळ्याची गोष्ट ऐका.

भानुदास जीपवाला. पुतण्याच्या साखरपुड्याला दुपारपासून बसला — पंगतीत नव्हे हो, मांडवामागं! हसताय? म्हणजे जागा ठाऊक आहे! तिन्हीसांजेला जीप काढली. बायको म्हणाली, “अहो, पाय बघा कुठं पडतायत!”

“पायांनी कुठं जायचंय? चाकांनी जायचंय!”

वा रे शहाण्या!

ओढ्याच्या वळणावर पुढं कोंडीबाची कडब्याची बैलगाडी. मागून धाडकन! कोंडीबाचा पाय मोडला. हरण्या बैल जागीच गेला.

खटला उभा राहिला. वकील म्हणाले, “तुमचं रक्त फार उशिरा तपासलं. तो मुद्दा मी लढवतो. बैलगाडीला कंदील होता का?”

“नव्हता!”

आता वकिलाला नावं ठेवू नका! तपासात चूक असली तर दाखवणं हे त्याचं कामच. पण कंदील होता, मंडळी! भानुदासानं डोळ्यांनी पाहिला होता. ‘अजून लांब आहे’ म्हणत जीप तशीच दामटली, झालं! प्याला कोण? भानुदास. दोषी कोण? कोंडीबा!

मनात आलं, कोंडीबालाच गाठू. कंदील विझला होता, एवढं त्याच्याकडून वदवून घेऊ. गेला. नेमकी पोळ्याच्या आदली सांज, खांदेमळणीची! कोंडीबा काठीवर रेलून उरलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतोय. सवयीनं दोघांपुरती कालवलेली! उरलेली कुणाला लावायची? त्यानं जुवाच्या रिकाम्या टोकाला चोळली. म्हणाला, “हरण्या, आज आवतन घे, उद्या जेवायला ये!”

मग वळला. “कोण, भानुदासराव? तुम्हालाही आवतन. या उद्या.”

“कोंडीबा, मी त्या कंदिलाचं...”

“त्याचं काय?”

भानुदासानं जुवाच्या त्या हळदीच्या टोकाकडं पाहिलं. आला तसा माघारी फिरला.

तारखेला वकील बोलायला उठले, तोच हा पुढं! “साहेब, कंदील होता. लख्ख होता. मीच प्यालेलो होतो!”

वकिलांनी कपाळावर हात मारला. शिक्षा झाली, भानुदासानं भोगली. पण कोंडीबाच्या माथ्यावर डाग लागला नाही — आणि भानुदास गावात मान वर करून चालतो!

टाळ्या नकोत मला! मांडवाबाहेर फटफट्यांची रांग दिसतेय. ज्यानं घेतली असेल त्यानं खिशातली किल्ली काढावी, शेजारच्याच्या हातात द्यावी. उद्या नव्हे — आत्ता!

काढा. मी थांबतो.