डाव्या बाकाखालचा फुगवटा

क्रोएशियातल्या शिबेनिकच्या बंदर कार्यालयात तासभर ताटकळत होतो. माझ्या पुढे रंगाने माखलेल्या हातांची एक बाई आणि तिच्या पुढे एक टोपीवाले आजोबा.

"जुनी शिडाची बोट घेतलीय, काका. पण ती कधी बांधली याचा पुरावा नाही, म्हणून नोंदणी अडलीय. रंगाचे सात थर खरवडले, तेव्हा कुठे 'पाल्मिरा' नाव दिसलं."

"पाल्मिरा? फायबरची? अगं, ती आमच्याच कारखान्यातली! डाव्या बाकाखाली एक फुगवटा आहे बघ."

"आहे ना! उद्या तोच घासून काढणार होते."

"जपून घास, बाई. आत माझी लग्नातली अंगठी आहे."

"काय सांगता!"

"हातमोजे घालायचा कंटाळा. फायबरवर राळ फासताना बोटातून निसटली आणि शोधेपर्यंत राळ दगडासारखी घट्ट. मुकादमाच्या धाकाने वर आणखी एक थर दिला. लग्नाला नऊच दिवस झाले होते."

"अंगठीवर तारीख असेल?"

"कोरलेली आहे. मे चौऱ्याहत्तर."

"म्हणजे बोटीचं साल मिळालं! काका, साक्षीला सही कराल?"

"करतो. पण आमच्या हिला कळता कामा नये. तिला सांगितलंय, अंगठी समुद्रात गेली."

"मग खोटं कुठे बोललात, काका? पन्नास वर्षं होती की समुद्रातच!"