पावाच्या पिशवीतली हवा

अहो, तो ढीग नको! ठेवा ते खाली. दिसतोय छान, कबूल — पण आतून ओला आहे, सप्टेंबरातच फोडलाय. हे यंत्र बघा — ह्या दोन टोचण्या लाकडात खुपसायच्या, की ओल शेकडा किती, तो आकडा येतो. किती आला? चौतीस! वीसच्या खाली असेल तरच ट्वायला हौगेनच्या वखारीतून लाकूड बाहेर पडतं. हसताय? हसा, हसा. दोन वर्षांपूर्वी मीच हा ढीग तुमच्या गाडीत भरला असता, वर सांगितलं असतं, खणखणीत वाळलंय म्हणून. खणखणीत! स्टोव्हमध्ये घातलं की फुस्स फुस्स करत रडलं असतं, आणि धूर असा की बोलायची सोय नाही. या इकडे, शेडमध्ये या. हा लार्च, देवदाराचा भाऊबंदच, दोन उन्हाळे खाल्लेला. मी देते हातात, तुम्ही रचा. आज माझ्या अंगात वारंच शिरलंय, सकाळपासून तीन वेळा कॉफी झाली — नाही हो, कॉफीने नाही. सांगते ना.

तुम्ही ह्या खोऱ्यात नवीन दिसता. हिवाळा पुरता पाहिलेला नाहीत. जानेवारीत वरून गरम हवेचं झाकण बसतं बघा, पातेल्यावर ठेवावं तसं, आणि दोनशे चिमण्यांचा धूर खालच्या खाली शिजत राहतो. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट माझा आर्विड — माझा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली, वखार त्याचीच — सकाळी दार उघडून नाक वर करायचा आणि म्हणायचा, "वास घे ट्वायला, गाव जागं झालं." आणि मी घ्यायची! छाती भरून घ्यायची! मग रूथॅनने, शाळेच्या नर्सने, ते मीटर आणले. पांढरे, कपाएवढे, पडवीत टांगायचे. धुरातला बारीक कण मोजतात — केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा, नाकाला कळत नाही, घशाला कळत नाही, थेट फुफ्फुसात. रूथॅनच्या कपाटात जानेवारी आला की मुलांच्या दम्याच्या पंपांची रांग लागायची, तिला चैन पडेना. माझ्याकडे आली, "अगं ट्वायला, तुझं घर टेकडीच्या पायथ्याला, तुझ्या पडवीत एक लावू दे ना." नाही कसं म्हणणार? वर दालचिनीचा रोल दिला खायला.

सगळ्या मीटरांचे आकडे एका नकाशावर रंगांत दिसतात — हिरवं म्हणजे चांगली हवा, मग नारिंगी, लाल, आणि जांभळं सगळ्यांत वाईट. दुसऱ्या दिवशी तो उघडते तर काय — सगळं गाव नारिंगी आणि माझं घर जांभळं! लाथ बसल्यावर मांडी होते ना, तसं जांभळं! आणि नकाशा सगळ्यांना दिसतो हो, फोनवर, कुणालाही. लाकूडवालीचंच घर! पोस्टात बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागल्या. मी म्हटलं, ती पलीकडची लाकूड कापायची गिरणी आहे ना, तिचा भुसा उडतो. तर पोस्टातली म्हणते, "ट्वायला, गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली." झाली असतील! मी काय मोजत बसते?

मग — हे जरा हळू सांगते — पावाची एक रिकामी पिशवी धुऊन वाळत घातली होती. घेतली, मीटरवर चढवली, वर रबरबँड. बस. संध्याकाळपर्यंत शून्य! हिरवंगार! अख्ख्या खोऱ्यात मी एकटी हिरवी! रूथॅन धावत आली दुसऱ्या दिवशी — तिला मी फाटकातच गाठलं, वर येऊच दिलं नाही — "काय जादू केलीस गं?" मी म्हटलं, "झाडलोट." झाडलोट म्हणे! अहो, घ्या ना, हे ओंडके धरा, हसताना पायावर पाडाल.

आता एल्डन. एल्डन ब्रॉकवे, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने. छाती अधू. दर गुरुवारी मोळीभर लाकूड न्यायला यायचा आणि दोन तास बसायचा. एका मोळीला दोन तास लागतात का? तेव्हा मला कळलं नाही. — कळलं होतं. आणि रूथॅनने सांगितल्यापासून हा रोज सकाळी नकाशा बघणार, नारिंगी असेल तर घरातच बसणार, पक्का शिस्तीचा. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ, तीन दिवस राहिले होते. गाव सगळं लाल, आणि वर टेकडीपाशी एक हिरवा ठिपका. त्याला वाटलं, वरची हवा स्वच्छ आहे, तर गाडी कशाला काढायची? निघाला चालत. पुलावरून, चढावरून, सबंध मैल. मी खिडकीशी पीठ मळत होते. बघते तर फाटकाच्या खांबाला मिठी मारून उभा, ओठ निळे. बोलता येईना. नुसतं पडवीकडे बोट दाखवतोय. मला वाटलं, पिशवी दिसली ह्याला! — बिचारा खुर्ची मागत होता.

लाकडाच्या ट्रकमध्ये घातला आणि चाळीस मैल हॉस्पिटल. वाटेत मी जी बडबडत सुटले ती सुटले, आणि तो श्वास घेत होता, ओल्या लाकडात करवत अडकते तसा. हाताचं पीठ स्टिअरिंगला चिकटलेलं. नको ते आठवायला. तिसऱ्या दिवशी त्याच्या खाटेशी बसून सांगून टाकलं सगळं. त्याने तोंडावरचा मास्क काढला. "पावाची पिशवी?" आणि असा हसला, असा हसला, की नर्स धावत आली. ती गेल्यावर मात्र हसायचा थांबला. म्हणाला, "तुझं घर हिरवं दिसलं म्हणून निघालो, ट्वायला. दुसऱ्या कुणाचं असतं तर नसतो निघालो."

घरी आले ती कोट न काढता पिशवी ओढून काढली. झालं घर पुन्हा जांभळं. होऊ दे म्हटलं. आणि गेले रूथॅनकडे, म्हटलं, काम सांग. तेव्हापासून इथे ओलं आणा, सुकं न्या — तुमच्या ओल्या लाकडाला माझं वाळलेलं, ओलं मी शेडमध्ये वाळवते. चर्चच्या हॉलमध्ये तीस माणसं जमलो, पंखा घ्यायचा, चार बाजूंना चार फिल्टर, वर चिकटपट्टी — झाला हवा गाळायचा खोका. पहिला खोका एल्डनच्या खोलीत! वाकडा झाला होता, पण चालतो. जुने स्टोव्ह काढायला लागलो, पहिला माझा. आर्विडचं ते लोखंडी धूड चौघांनी उचलून नेलं तेव्हा रडले मी, खोटं कशाला बोलू? आजवर अडतीस गेले. सगळं साधलंय असं नाही हं, मागच्या मंगळवारी पुन्हा लाल झालं होतं, आणि खालच्या गल्लीतला एक जण अजून कचरा जाळतो, तो ऐकत नाही. पण आज? शाळेवरचा झेंडा बघितलात? हवेचा जो रंग तो झेंड्याचा, लाल असला की पोरं सुट्टीतही आतच. हिरवा! जानेवारीत! ऐका — ऐका ना, ती किंचाळी — मधली सुट्टी आहे, पोरं बाहेर आहेत!

आणि गेल्या गुरुवारी एल्डन चालत आला. फाटकाशी थांबला, श्वास नीट, आणि तिथूनच ओरडून विचारतो, "ट्वायला, लग्न करशील का माझ्याशी?" मी म्हटलं, "आधी आत ये, ओव्हनमध्ये रोल करपतायत!" सदुसष्ट वर्षांची मी, आणि हे असं! शनिवारी आहे, त्याच हॉलमध्ये. तुम्हीही या.

काय म्हणालात? पिशवीचं कळल्यावर गाव चिडलं नाही का? छे, गावाला कुठे माहीत आहे! एल्डनला माहीत आणि मला. आणि आता तुम्हाला —

तुम्ही काय करता म्हणालात? शाळेत? विज्ञान. अच्छा. मग तो नकाशा आता... तुमच्याकडे दिलाय रूथॅनने. जुने आकडेही बघता? मग त्या डिसेंबरातले माझ्या घरचे नऊ दिवस शून्य — अहो, म्हणजे तुम्ही लाकूड न्यायला आलाच नव्हतात!

बरं. लिहा. मीटर बिघडला नव्हता, ट्वायला हौगेनने पिशवी घातली होती. पेनानेच लिहा. रूथॅनला मी सांगते. सगळ्यांनाच सांगते, शनिवारी, केक कापायच्या आधी, उभी राहून. चिडले तर चिडू देत. पण शनिवारपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही, कळलं? असं बघू नका माझ्याकडे. गाडी भरली तुमची. निघा. निघा म्हणते ना!